भिंतीतला नळ

जीवरामनानांच्या नर्सरीच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक पितळी नळ आहे. त्याच्याखाली काळी फरशी, आणि हंडे ठेवून ठेवून तिच्या मधोमध पडलेला वाटीएवढा खळगा. मी लग्न होऊन चाळीसगावहून या गावात आले, तेव्हा सासूबाईंनी आधी देवघर दाखवलं आणि मग हा नळ. म्हणाल्या, "आपलं पाणी इथलं." आपलं म्हणजे आमचं नव्हतंच, नानांचं होतं. पण बोलताना तसा फरक कोणी करत नसे.

आता त्या खळग्यात धूळ साचते. एखादी चिमणी येऊन त्या धुळीत आंघोळ करते आणि उडून जाते.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवे सोडून आत. माती काळी, पण पाण्याचं विचारू नका. होळी झाली की गावविहिरीचा तळ दिसू लागतो. नानांची विहीर मात्र कधी आटली नाही. ती त्यांच्या वडिलांनी खोदलेली. खाली काळा पाषाण लागला तेव्हा सगळे म्हणाले सोडून द्या. वडिलांनी सोडलं नाही. कोवळ्या वयातल्या नानांनी डोक्यावरून दगडाच्या पाट्या वाहिल्या. पाणी लागलं त्या दिवशी वडिलांनी एकच गोष्ट सांगितली, ती नाना आयुष्यभर सांगत आले : "पिनारले पानी इकानं नही." पिणाऱ्याला पाणी विकायचं नाही. म्हणून भिंत बांधली तेव्हाच तिच्यात नळ बसवला.

एरवी नानांसारखा आपलं-परकं पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फावडी, घमेली, बादल्या, रोपांचे ट्रे, सगळ्यांवर लाल ऑइलपेंटने 'जी. ना.' लिहिलेलं. त्यांच्याकडून चाळणी आणली तर दिवे लागायच्या आत ते दारात हजर. "सूनबाई, चाळणीनं काम व्हयनं का?" आपण म्हणावं, "अजून थोडं आहे." की ते ओट्यावर बसून घेत. चाळणी घेतल्याशिवाय उठत नसत. एकदा कोणाच्या तरी बकरीने मिरचीची रोपं खाल्ली. नानांनी ती बांधून ठेवली, मालक आला तेव्हा त्याला अर्धा तास झापलं, मग चहा पाजला, आणि बकरीबरोबर पाल्याची पेंढी बांधून दिली. असा हिशेब.

आणि नळ सकाळ-संध्याकाळ उघडा. कोण किती नेतं ते पाहत नसत. आमची मोनाली लहान असताना एका उन्हाळ्यात तिला टायफॉइड झाला. मी इतकी घाबरले होते की उकळलेलं पाणीसुद्धा पुन्हा उकळायची. त्या दिवसांत नाना स्वतः विहिरीतून शेंदलेली कळशी भिंतीवरून द्यायचे. नळाची तोटी दहा हात लागून खराब होते, म्हणायचे, पोरीला हे द्या.

दर चैत्रात विहिरीतला गाळ काढायला नवल उतरायचा. नवल आणि त्याची बायको मंजुळाबाई नाल्यापलीकडच्या वस्तीतले. ती नर्सरीत ट्रे भरायची, तो पडेल ते काम करायचा. दोराने खाली जायचा आणि वर यायचा तेव्हा अंगभर चिखल, फक्त दात दिसायचे. वर येऊन दर वर्षी तीच थट्टा : "नाना, वरथून इहीर तुम्हनी, खालथून मनी." वरून विहीर तुमची, खालून माझी.

"खालनी तूच ले, गाळसंगे," नाना म्हणायचे. दोघं दर वर्षी तितकंच हसायचे.

सरकारशी नानांचं पटत नसे. पण ते सरकारचं ऐकत. रोपं विकायला परवाना लागतो असं झालं, तेव्हा महिनाभर चिडचिड केली : "मना वावरमा मी काय लावू, ते जळगावले बठीसन ठरावतीन का?" मग परवाना काढला, काचेत मढवला आणि सप्तशृंगीच्या फोटोशेजारी टांगला. हिरव्या जाळीचं छप्पर म्हणजे बांधकाम, असं म्हणून ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली, तेव्हा विचारत सुटले, "सावलीवर बी पट्टी?" ती पण भरली. पाण्यावर मात्र कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

ते ठेवलं गेलं गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. आदल्या पावसाळ्याने दगा दिला होता. गावविहीर फेब्रुवारीतच आटली. एका सकाळी तलाठी मोटारसायकलवरून आले. मी नळावर होते, त्यामुळे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"नाना, कागद आहे. सही करा."

"कसाना?"

"विहीर अधिग्रहणाचा. पाऊस पडेपर्यंत विहीर शासनाच्या ताब्यात. पंचायत मोटार टाकेल, पाणी गावच्या टाकीत जाईल. तुम्हाला मोबदला मिळेल."

"मोबदला? पानीना?"

"मग! आतापर्यंत फुकट देत होता, आता पैसे मिळतील. तुमचं तर भलंच आहे."

त्या माणसाने चांगल्या मनानेच म्हटलं असेल. पण नानांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या वडिलांना शिवी दिली.

"आन मनी रोपं?"

"आधी पिण्याचं पाणी. उरलं तर रोपांना."

"म्हणजे इहीर मना बापनी, आन उरेलसुरेल मले?"

तलाठ्यांनी खांदे उडवले, कागद खाटेवर ठेवला आणि गेले. मिरचीची रोपं तेव्हा नुकती उगवून आली होती. उन्हात पाण्याच्या दोन वेळा चुकल्या तर गेलीच. पण नानांना रोपांपेक्षा दुसरं काहीतरी लागलं होतं. मला म्हणाले, "सूनबाई, मी देस ते दिसनं नही. हुकूम लागना." मी देतो ते दिसलं नाही, हुकूम काढावा लागला.

संध्याकाळी सरपंच रोहिदास आला. नाल्यापलीकडच्या वस्तीतलाच, नानांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. लहानपणी याच नळावर आईबरोबर हंडे भरलेला. कोकिळाअक्कांनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, चहा केला आणि मलाही थांबवून घेतलं. घरात दुसरं कोणी असलं की नाना जरा कमी बोलतात असं त्यांना वाटायचं.

"नाना, तुम्ही देतस, कोन नही म्हनस?" रोहिदास म्हणाला. "पण पल्याडनी बाईले येनं पडस."

"येवो ना! मी कोनले हाकली दिधं का?"

"नही दिधं. पण येनं पडस, नाना. तुम्ही आठे खाटवर बठेल ऱ्हातस. तुम्हले रामराम करनं पडस. टाकीना पानीले रामराम करनं पडत नही."

"रामराम करा असं मी कधी सांगं?"

"तुम्ही सांगं नही. तरी करनं पडस."

नानांनी कप खाली ठेवला. "मना बापनी पाषाण फोडा, रोहिदास. तू टाकी बांध, मी नही म्हनत नही. पण मना बापनी इहीरवर तुन्ही मोटार?"

"पाऊस पडेपर्यंतच ना."

"हुकूम एक डाव घरमा शिरना का परत जास का, भाऊ?"

मी बशीतला चहा निववत बसले होते. मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचं पटणं म्हणजे काहीच न सुचणं.

अक्कांचा एक भाचा चाळीसगावला वकील. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला की केस भक्कम आहे : नोटीस नाही, म्हणणं ऐकून घेतलं नाही, विहिरीची पाहणी नाही. पण एक अट घातली. निकाल लागेपर्यंत नळ बंद ठेवा. नाहीतर ते म्हणतील, गाव कित्येक वर्षं इथून पाणी भरतंय, ही तर वहिवाट. विहीर सार्वजनिकच आहे.

'वहिवाट' हा शब्द नानांच्या छातीत बसला. ज्याने आयुष्यभर चाळणीवर स्वतःचं नाव रंगवलं, त्याला कोणी सांगितलं की तू दिलंस म्हणूनच ते तुझं राहणार नाही. त्यांनी तोटीची चावी काढून खिशात टाकली, नळाला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळलं आणि फाटकाला कुलूप लावलं. कुलपावरही 'जी. ना.' होतं.

सकाळी हंडे आले. नळ पाहून पहिल्या दिवशी तर बायका हसल्याच. "अय माय, नानानी नळले फाशी दिधी का काय?" त्यांना वाटलं, दोन दिवसांचा राग असेल. अक्का आतून म्हणाल्याही, "अहो, सगळं गाव उभं शे." नाना म्हणाले, "गावनी मोटार आनेल शे ना? तीच पानी देई."

मोटार काही बसली नाही, कारण कोर्टाने तोवर 'जैसे थे' सांगितलं होतं. टँकर सुरू झाला. टँकर म्हणजे पाणी कमी आणि आरडाओरड जास्त.

आणि मग आखाजी आली.

खानदेशाबाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस वाटतो. आमच्याकडे तो पितरांचा. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि घरोघर कुंभाराची नवी लाल घागर पाण्याने भरून मांडतात. तिच्या गळ्याला सूत, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी पुरणाची ताटं. ज्याच्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, त्याची पहिली घागर. ते पाणी मेलेल्या माणसाला पोचतं, असं मानतात. आणि आमच्या गावात घागरीचं पाणी नानांच्या विहिरीचं, सूर्य उगवायच्या आत. कोणी ठरवलं ठाऊक नाही. आटत नाही त्या विहिरीचं पाणी पितरांना, एवढंच.

त्या वर्षी हिवाळ्यात नवल गेला होता. छातीत कळ आली आणि धुळ्याला नेईपर्यंत संपला.

आखाजीच्या पहाटे बायका नव्या घागरी घेऊन फाटकापाशी उभ्या राहिल्या. मीही होते. कुलूप असूनही सगळ्या आल्या होत्या. आजच्या दिवशी नाना उघडणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. मला वाटतं, नानांच्याही नव्हती. पण रात्री वकिलाचा फोन आला होता. आठवड्यात तारीख आहे, एक दिवस उघडलंत तर सगळं मुसळ केरात.

मंजुळाबाई सगळ्यांत पुढे. "नाना, उघडा ना. आखाजी शे."

"मले म्हाईत नही का? आठ दिन थांबा."

"पितर थांबतीन का आठ दिन?"

मागे कोणीतरी हसलं. नाना खाटेवरून उठले, फाटकाजवळ आले. अंधुक उजेडात त्यांचा गजांतून बाहेर आलेला हात मला दिसला.

"मंजुळा, तुन्ही घागर दे. नवल मना मानूस व्हता. त्यानी घागर मी भरी देस."

मंजुळाबाईंनी घागर दिली नाही. मागे वळून बायकांकडे पाहिलं. "आन ह्या?"

"त्यास्नं नंतर दखू."

"मंग ऱ्हाऊ द्या, नाना. नवल जल्मभर सगळ्यास्ना मांगे उभा ऱ्हायना. मरी गया, आते त्याले एकलाले पुढे कसाले करतस?"

त्या निघाल्या. त्यांच्यामागे एकेक करत सगळ्या निघाल्या. शेवटी जाणाऱ्या म्हातारीने रस्त्यावर थुंकून म्हटलं, "मरेलना तोंडले पानी लावाना दिन, आन हाऊ कुलूप लाई बठना!"

नानांच्या खिशात चावी होती. चार पावलांवर कुलूप होतं. ते खाटेवर जाऊन बसले. त्या आखाजीला गावाच्या सगळ्या पितरांनी टँकरचं पाणी प्यालं. घागरीत वाकून पाहिलं तर ब्लीचिंगचा वास येत होता.

पुढच्या आठवड्यात नाना जिंकले. आदेश रद्द झाला. मोनाली आता जळगावला कायदा शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने निकाल वाचला. म्हणाली, "आई, नाना शंभर टक्के बरोबर आहेत. विचारल्याशिवाय, ऐकून घेतल्याशिवाय कोणाची विहीर कशी घेता येईल? आज विहीर, उद्या दुकान." मी म्हटलं, खरं आहे. "मग लोक का चिडले?" मी म्हटलं, लोक चिडलेले नाहीत गं. ती म्हणाली, "मग प्रश्नच मिटला." ती हुशार आहे, वाद हरत नाही. मला तिच्या अभ्यासाची, मेसच्या जेवणाची, एकटीने एसटीने येण्याची काळजी वाटते; पण त्या दिवसापासून तिला सगळे वाद जिंकता येतील याची जास्त वाटते.

लोक खरंच चिडले नव्हते. तेच वाईट झालं. नानांनी पेढे वाटले, लोकांनी खाल्ले. नाना स्वतः तेल घालून तोटीची चावी बसवत होते, तेव्हा जाणाऱ्यायेणाऱ्याने थांबून "झालं का नाना सुरू?" असं विचारलं. नळ सोडला. पाणी खळग्यात पडलं, भरून रस्त्यावर वाहिलं, कोंबड्या येऊन प्याल्या. संध्याकाळपर्यंत एकही हंडा आला नाही. नाना दिसेल त्याला म्हणत, "नळ सुरू शे बरं." तो म्हणे, "येतस ना नाना, येतस." लग्नाची पत्रिका पहिली नानांनाच येई, मिरचीची रोपं लोक त्यांच्याकडूनच नेत, रामराम चुकत नसे. पाण्याला तेवढं कोणी आलं नाही. मंजुळाबाई कामाला यायच्या थांबल्या. नानांनी निरोप पाठवला, तर उलटा निरोप आला, गुडघे दुखतात. त्याच आठवड्यात मी त्यांना दुसऱ्याच्या शेतात निंदताना पाहिलं.

पावसाळ्यानंतर रोहिदासने दूरच्या एका शेतकऱ्याशी बोलून, लिहून-पढून त्याची विहीर योजनेला घेतली. घरोघर नळ आले. नाल्यापलीकडे आधी, आमच्याकडे नंतर. सकाळी पाऊण तास पाणी. त्यात औषधाचा वास असतो, आणि मी अजूनही ते उकळते.

परवाना नानांनी काचेत लावला होता. निकाल मात्र त्यांनी कुठे टांगला नाही.

या वर्षीच्या आखाजीला मी उठले तेव्हा फाटक सताड उघडं होतं. नानांनी फरशी घासली होती, विहिरीच्या कठड्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, आणि स्वतः धुतलेलं धोतर नेसून उभे होते. खाटेवर बसले नव्हते. खाट त्यांनी आत उचलून ठेवली होती. ते पाहून मला रोहिदासचं बोलणं आठवलं.

उजाडलं. कोणी आलं नाही. लिंबावर पोरींचे झोके सुरू झाले, गाणी ऐकू येऊ लागली. मग नाना आमच्या दाराशी आले.

"सूनबाई, घागर भरनी का?"

माझ्या आधी मोनाली बोलली, हसत : "हो ना नाना, मघाशीच. नळ आला तेव्हा मीच धरली स्वयंपाकघरात." तिला वाईट वाटायचं काही कारणच नव्हतं. घागर म्हणजे पाणी, पाणी नळाला येतं.

"बरं झालं," नाना म्हणाले. "बरं झालं, बेटा."

थोड्या वेळाने ते एक नवी लाल घागर खांद्यावर घेऊन रस्त्याने निघालेले दिसले. ऊन चढलं होतं आणि त्यांचं वय पाहता मला धीर निघेना. पदर डोक्यावर घेऊन मी मागोमाग गेले. नाला ओलांडून ते मंजुळाबाईंच्या दारात थांबले. माझ्या माहितीत त्या वस्तीत ते पहिल्यांदाच आले होते.

"मंजुळा, नवलनी घागर आनी शे. आपली इहीरनी."

'आपली' म्हणाले. मंजुळाबाई भाकरी थापत होत्या. हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आत बोट दाखवलं. कोपऱ्यात नवलची घागर मांडलेली होती, गळ्याला सूत, वर डांगर.

"मनी भरी गयी, नाना."

"ही बी ऱ्हाऊ दे. दोन ऱ्हाऊ दे."

"एक मानूसन्या दोन घागरी नही ऱ्हातीस, नाना." बोलणं मऊ होतं, राग असता तर बरं झालं असतं. "ऊन मोठं शे. बठा. पानी प्या."

त्यांनी तांब्या भरून आणला. नानांनी घागर खांद्यावरून उतरवली नाही. एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायले.

"औषधना वास येस," ते म्हणाले.

"येस. सवय व्हई जास."

येताना मी म्हटलं, नाना, घागर माझ्याकडे द्या. त्यांनी मान हलवली. पितरांसाठी भरलेली घागर मध्येच ओतून टाकता येत नाही, आणि वाटेत टेकवतही नाहीत. ती तशीच घेऊन ते सगळा रस्ता चालले. पाणी हिंदकळून त्यांचा खांदा भिजला होता.

घरात अक्कांनी नानांच्या वडिलांची घागर मांडून ताट वाढून ठेवलं होतं. नाना वाकले आणि आणलेली घागर तिच्या शेजारी ठेवली. मग देव्हाऱ्यातलं सूत घेऊन तिच्या गळ्याला गुंडाळायला लागले. सूत सारखं सुटत होतं.

"हाई दुसरी कोनी?" अक्कांनी विचारलं.

"नवलनी," नाना म्हणाले. "आनखी एक ताट वाढ."